रक्तातील पहारेकरी

बंगळूर शहराच्या उत्तरेस, बळ्ळारीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर येलहंका हे जुने गाव आहे. बंगळूर वसविणारे केंपेगौडा हे येलहंक्याच्याच नाडप्रभू घराण्यातले. त्यांनी १५३७ साली येथून दक्षिणेस काही कोसांवर नव्या नगराचा कोट बांधला. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ साली, विजापूरच्या फौजेने ते नगर जिंकले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि या मुलखाशी मराठी माणसाचे नाते जडले. आज येलहंका म्हटले म्हणजे विमानदलाचा तळ आणि आगगाडीची चाके घडविणारा रेल्वेचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. गाव शहरात केव्हाच मिसळून गेले आहे. जुना तलाव राहिला आहे आणि त्याच्या भोवती उंच इमारतींची गर्दी वाढते आहे.

या शहराला स्वतःची मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून वर चढवून आणावे लागते. जेथे ते पुरत नाही तेथे विंधणविहीर, टँकर आणि घरोघरची पिंपे यांवर भागवावे लागते. २०२४ सालच्या उन्हाळ्यात बंगळुरात पाण्याचे दुर्भिक्ष पडले होते. त्यामागून पाऊस आला आणि पावसामागून डेंग्यू आला. रुग्ण इतके वाढले की त्या वर्षीच्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारने डेंग्यू हा साथीचा रोग असल्याची अधिसूचना काढली. पाणी साठविणे ही गरिबाची गरज आणि साठविलेले स्वच्छ पाणी ही एडिस डासाची आवड. या दोहोंच्या गाठीतून हा ताप उद्भवतो. आपल्याकडची जुनी माणसे त्याला हाडमोडी ताप म्हणत, आणि ज्याला तो येऊन गेला आहे त्याला त्या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

डास आणि साठलेले पाणी यांचा संबंध याच शहरात एका तरुण डॉक्टराच्या ध्यानात आला होता. १८८३ साली रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर म्हणून बंगळुरात होते. आपल्याच बंगल्यात इतके डास का, याचा शोध घेता त्यांना खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप दिसले आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. त्यांनी पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हा त्यांचा जगप्रसिद्ध शोध त्यानंतर चौदा वर्षांनी, सिकंदराबादेत लागला. डेंग्यूच्या बाबतीत आजही पहिला उपाय तोच आहे. परंतु पिंपे कितीही उपडी केली तरी एखादा डास उरतो, दिवसाउजेडी चावतो आणि विषाणू रक्तात उतरतो. त्यानंतरची लढाई माणसाच्या शरीरात होते. त्या लढाईत प्रतिद्रव्य हे शरीराचे मुख्य शस्त्र आहे. हे शस्त्र कधी शत्रूला नामोहरम करते, तर कधी शत्रूच्याच कामी येते. असे का व्हावे, हा वैद्यकाला कित्येक वर्षे पडलेला पेच होय.

प्रथम शत्रूचे रूप पाहिले पाहिजे. डेंग्यूचा विषाणू इतका सूक्ष्म असतो की एका मिलिमीटरात असे वीस हजार विषाणू एकापुढे एक मांडता येतील. त्याच्या पोटात सुमारे दहा हजार सातशे अक्षरांचा एकच आनुवंशिक संदेश असतो आणि त्यात अवघ्या दहा प्रथिनांची कृती लिहिलेली असते. त्यांपैकी तीन प्रथिनांचे विषाणूचे शरीर बनते. उरलेली सात पेशीत शिरल्यावर कामास लागतात. २००२ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी या विषाणूची रचना प्रथमच उलगडून दाखविली. बाहेरच्या कवचावर आवरण-प्रथिनाच्या एकशे ऐंशी प्रती असतात. त्या दोन-दोनांच्या जोड्यांनी, कौलारू घराच्या छपरासारख्या, पृष्ठभागावर आडव्या बसविलेल्या असतात. अशा नव्वद जोड्यांचा तो गुळगुळीत चेंडू असतो. प्रत्येक आवरण-प्रथिनाचे तीन भाग पडतात. दुसऱ्या भागाच्या टोकाशी एक छोटा पाश असतो. तो पाण्यापासून दूर राहू पाहतो आणि स्निग्ध पदार्थात घुसू पाहतो. एरवी तो जोडीदार प्रथिनाच्या कुशीत दडलेला असतो. विषाणूची खरी नांगी ती हीच.

ही नांगी बाहेर पडते ती पेशीच्या आत. विषाणू रक्तातील भक्षक पेशींच्या आणि तत्सम पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतो. पेशी त्याला एका पिशवीत घेऊन आत ओढते. परक्या वस्तूंचा निकाल लावण्याची तिची ती नेहमीची रीत आहे. पिशवी आत सरकता सरकता तिच्यातील द्रव आंबट होतो. आम्लाचा स्पर्श होताच आवरण-प्रथिनांच्या जोड्या सुटतात, ती तीन-तीनांच्या झुबक्यांनी उभी राहतात आणि टोकाचे पाश पिशवीच्या स्निग्ध पडद्यात रुततात. विषाणूचा पडदा आणि पिशवीचा पडदा एक होतात आणि आतील संदेश पेशीच्या द्रवात सांडतो. यानंतर पेशी स्वतःची राहत नाही. ती विषाणूंचा कारखाना बनते.

आता शस्त्राचा विचार करू गेल्यास, प्रतिद्रव्य हे दोन फांद्यांच्या बेचकीसारखे असते. त्याची घडण जेरल्ड एडलमन आणि रॉडनी पोर्टर यांनी शोधून काढली आणि त्याबद्दल त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बेचकीच्या दोन्ही फांद्यांची टोके प्रत्येक जातीच्या प्रतिद्रव्यात निराळी असतात आणि ती एका ठरावीक खुणेवरच बसतात. हा बंध कायमच्या सांध्यासारखा नसतो. विजेच्या भारांचे आकर्षण, हायड्रोजनचे दुवे, पाण्याला दूर सारणाऱ्या पृष्ठभागांची जवळीक अशा अनेक दुबळ्या ओढी एकत्र येतात. त्यांपैकी एकटी कोणतीही पुरेशी नसते. परंतु दोन पृष्ठभाग एकमेकांच्या खाचाखोचांत नीट बसले म्हणजे त्या साऱ्यांची मिळून पकड घट्ट होते. शिवाय शरीर या पकडीत सुधारणा करीत राहते. प्रतिद्रव्य बनविणाऱ्या पेशी आपल्या साच्यात लहान लहान फेरफार करतात. ज्यांची पकड सरस ठरते त्या टिकतात, बाकीच्या मागे पडतात. म्हणूनच ताप उतरल्यानंतर काही आठवड्यांनी रक्तात असलेली प्रतिद्रव्ये पहिल्या आठवड्यातील प्रतिद्रव्यांपेक्षा अधिक कुशल असतात. बेचकीचा खालचा दांडा मात्र एका वर्गाच्या सर्व प्रतिद्रव्यांत सारखाच असतो. भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर या दांड्याला पकडणारे हात असतात. पुढील साऱ्या कथेचे मर्म या दांड्यात आहे.

प्रतिद्रव्य विषाणूला कसे निकामी करते? त्याचे मार्ग मुख्यत्वे दोन. एक म्हणजे विषाणूच्या अंगावर दाटी करून त्याला पेशीला चिकटूच न देणे. दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. विषाणू पेशीत शिरला तरी त्याच्या अंगावरील प्रतिद्रव्य आवरण-प्रथिनांना जखडून ठेवते. पिशवीत आम्ल आले तरी जोड्या सुटत नाहीत, प्रथिने उभी राहू शकत नाहीत आणि नांगी दडलेली ती दडलेलीच राहते. संदेश सुटत नाही आणि विषाणू पिशवीतच जिरून जातो. काही प्रतिद्रव्ये एकाच प्रथिनाला न धरता जोडीतील दोन्ही प्रथिनांवर आडवी बसतात आणि त्यांना एकत्र शिवल्यासारखी करून टाकतात. २०१५ साली डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तातून मिळविलेल्या अशा प्रतिद्रव्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती डेंग्यूच्या चारही प्रकारांना रोखतात असे आढळले.

यासाठी एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी जागा व्यापाव्या लागतात काय? तसे नाही. डेंग्यूच्याच कुळातील वेस्ट नाईल या विषाणूवर २००७ साली केलेल्या प्रयोगांत असे दिसले की चांगल्या जागी बसणाऱ्या प्रतिद्रव्याचे सुमारे तीस रेणू लागले की विषाणू निकामी होतो. मात्र तिसाच्या खाली संख्या गेली तर तो निकामी होत नाही. अंगावर पाच-दहा प्रतिद्रव्ये बाळगून तो तसाच संचार करतो. आणखीही एक अडचण आहे. विषाणूचे कवच दगडासारखे स्थिर नसते. ते सतत किंचित उघडते आणि मिटते. डासाच्या शरीराहून मानवी शरीर अधिक उबदार असते. त्या उष्णतेत या कवचाची हालचाल वाढते आणि एरवी झाकलेल्या काही जागा क्षणभर उघड्या पडतात. काही प्रतिद्रव्ये नेमकी त्याच क्षणाची वाट पाहत असतात. प्रयोगशाळेतील गारव्यात ती निरुपयोगी ठरावीत आणि सदतीस अंशांवर प्रभावी ठरावीत, याचे कारण हेच.

रक्तातील हे सामर्थ्य मोजण्याची रीत समजण्यास सोपी आहे. काचेच्या वा प्लास्टिकच्या बशीत पेशींचा एकसंध थर वाढवितात. त्यावर विषाणू सोडला की जेथे जेथे तो शिरतो तेथील पेशी मरतात आणि थरात डोळ्यांना दिसेल असे भोक पडते. प्राण्यांच्या विषाणूंची ही मोजणी रेनाटो डल्बेको यांनी १९५२ साली रूढ केली. आता हाच विषाणू रुग्णाच्या रक्तद्रवाबरोबर मिसळून सोडला तर भोके कमी पडतात. रक्तद्रव दसपट, वीसपट, शंभरपट पातळ करीत जावे आणि ज्या पातळीला भोकांची संख्या निम्मी राहील तो आकडा टिपावा. तो जितका मोठा तितके रक्षण अधिक, असा हिशेब अनेक वर्षे चालत आला. परंतु बहुधा ज्या पेशींवर ही परीक्षा होते त्यांच्या अंगावर प्रतिद्रव्याचा दांडा पकडणारे हात नसतात. त्यामुळे प्रतिद्रव्याचा दुसरा चेहरा या परीक्षेत दिसतच नाही.

तो चेहरा समजण्यासाठी डेंग्यूच्या चार प्रकारांकडे वळले पाहिजे. ही चार भावंडे आहेत. कुळ एक, घडण एक, पण आवरण-प्रथिनातील बरेच घटक निराळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना होणाऱ्या या तापाचा अभ्यास करीत असता आल्बर्ट सेबिन यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. एका प्रकारचा ताप येऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण लाभते; दुसऱ्या प्रकारापासून मात्र ते पूर्णपणे सुमारे दोनच महिने टिकते, असे त्यांना आढळले. त्यानंतर काय होते? जुनी प्रतिद्रव्ये रक्तात असतात. ती नव्या भावंडाला ओळखतात, त्याच्या अंगावर बसतात. पण त्यांची पकड सैल असते, संख्या अपुरी असते. विषाणू निकामी होत नाही, उलट त्याच्या अंगावर दांडे उभे राहतात. भक्षक पेशी ते दांडे ओळखीचे म्हणून पकडते आणि विषाणूला मानाने घरात घेते. एरवी ज्या पेशीचे दार शोधावे लागले असते तेथे विषाणू रक्षकाच्याच पाठीवर बसून जातो. पेशी अधिक संख्येने बाधित होतात, विषाणू अधिक निपजतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात. विषाणूच्या अंगावर पुरे न कापले गेलेले एक झाकण-प्रथिन पुष्कळदा शिल्लक असते. त्यावर बसणारी प्रतिद्रव्ये या बाबतीत विशेष अपायकारक असतात, असे २०१० साली दाखविण्यात आले.

बँकॉकमध्ये काम करणारे अमेरिकन डॉक्टर स्कॉट हॉलस्टेड यांनी १९६० नंतरच्या दशकात हा विचार मांडला, तेव्हा पुष्कळांना तो विपरीत वाटला. परंतु त्यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या. भयंकर स्वरूपाचा डेंग्यू बहुतकरून दुसऱ्या वेळी ताप आलेल्या मुलांत दिसे. त्याला अपवाद तान्ह्या बालकांचा. त्यांना पहिल्याच तापात तो होई. या बालकांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये असतात. जन्मानंतर काही महिने ती पुरेशी असतात व बालकाला राखतात. पुढे ती ओसरतात, आणि अर्धवट उरलेल्या अवस्थेत तीच घातक ठरतात. मातेचे देणे एकाच वर्षात प्रथम ढाल व्हावे आणि मग ओझे व्हावे, याहून विलक्षण उदाहरण शरीरशास्त्रात क्वचितच मिळेल. क्यूबा बेटाने याची साक्ष दिली. तेथे १९७७ साली डेंग्यूच्या पहिल्या प्रकाराची मोठी साथ आली. ती बरीचशी सौम्य होती. चारच वर्षांनी, १९८१ साली, दुसरा प्रकार आला आणि १५८ माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य मुले होती. निकाराग्वातील मुलांचा वर्षानुवर्षे केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की प्रतिद्रव्ये भरपूर असलेली मुले सुरक्षित, मुळीच नसलेली मुलेही गंभीर आजारापासून बरीचशी सुरक्षित. धोका सर्वांत अधिक तो मधल्या पातळीच्या मुलांना.

हे ज्ञान केवळ पुस्तकी नव्हे, याचा प्रत्यय फिलिपाइन्समध्ये आला. २०१६ साली तेथील सरकारने शाळकरी मुलांना डेंग्यूची लस देण्यास प्रारंभ केला; आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात लस बनविणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही अशांत ही लस पुढील आजार अधिक गंभीर करू शकते. म्हणजे लसीने त्या मुलांच्या बाबतीत पहिल्या तापाची जागा घेतली आणि पुढचा खरा ताप दुसरा ठरला. मोहीम थांबली; पण पालकांचा लसीवरील विश्वास ढासळला, आणि तो केवळ डेंग्यूच्या लसीपुरता राहिला नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की ही लस देण्यापूर्वी रक्त तपासून, पूर्वी डेंग्यू झाल्याची खात्री करून घ्यावी.

मग मार्ग कोणता? एक प्रयत्न येलहंक्याच्या शेजारीच झाला आहे. बळ्ळारी रस्त्यावरील कृषी विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस ही संस्था आहे. तेथील सुधीर कृष्ण, अरुण शंकरदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली एका नव्या प्रकारच्या लसीचे उंदरांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. संपूर्ण विषाणू देण्याऐवजी त्यांनी चारही प्रकारांच्या आवरण-प्रथिनाचा केवळ तिसरा भाग निवडला आणि त्याला विषाणूचे एक अंतर्गत प्रथिन जोडले. या निवडीमागील विचार सरळ आहे. तिसऱ्या भागावर बसणारी प्रतिद्रव्ये सामान्यतः समर्थ असतात. झाकण-प्रथिन आणि नांगीची जागा ही लसीत नसल्यामुळे घातक प्रतिद्रव्यांना निमित्तच मिळत नाही. आणि ते अंतर्गत प्रथिन विषाणूच्या कवचावर नसते, म्हणून त्यावरील प्रतिद्रव्य विषाणूला पाठीवर घेऊन जाऊ शकत नाही. ही लस अजून माणसाच्या उपयोगाची ठरलेली नाही; तिला पुष्कळ पायऱ्या चढावयाच्या आहेत. पण कोणती प्रतिद्रव्ये जागवावीत आणि कोणती निजलेली राहू द्यावीत, असा विवेक करून लस रचणे हीच या क्षेत्रातील खरी प्रगती होय.

दुसरा प्रयत्न पुण्याशी संबंधित आहे. उंदरात सापडलेले एक प्रतिद्रव्य आवरण-प्रथिनाच्या तिसऱ्या भागावर बसे, पण डेंग्यूच्या चौथ्या प्रकाराला ते जवळजवळ धरीतच नसे. अमेरिकेत राम शशिसेखरन यांच्या गटाने गणनयंत्राच्या साहाय्याने त्याच्या टोकांतील मोजके घटक बदलले आणि चौथ्या प्रकारावरील त्याची पकड शेकडो पटींनी वाढविली. त्या प्रतिद्रव्याच्या मानवी स्वरूपावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने औषध म्हणून काम चालविले आहे. लस शरीराला प्रतिद्रव्ये बनविण्यास शिकविते. हे औषध तयार प्रतिद्रव्यच रक्तात सोडू पाहते, आणि तेही अशा प्रमाणात की मधल्या धोक्याच्या पातळीचा प्रश्न उद्भवू नये. त्याचा निकाल रुग्णांवरील चाचण्यांनी लागेल.

तोवर सामान्य माणसाच्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. ज्या घरात एकदा डेंग्यू होऊन गेला त्या घरात ‘आता झाला, सुटलो’ असे समाधान मानले जाते. वरील विवेचनावरून ते किती फसवे आहे हे ध्यानात येईल. पहिला ताप हा दुसऱ्या तापाविषयीचा इशारा असतो. म्हणून डॉक्टरांना पूर्वीच्या तापाची माहिती आवर्जून द्यावी. अंगदुखीसाठी ॲस्पिरिनसारखी, रक्तस्राव वाढविणारी औषधे आपल्या मनाने घेऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की ताप उतरू लागला म्हणजे संकट टळले असे समजू नये. रक्तवाहिन्या पाझरण्याची वेळ बहुधा तीच असते. त्या दिवसांत पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, किंवा रोगी सुस्त पडणे यांपैकी काहीही दिसले तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. वेळेवर आणि बेताने दिलेल्या द्रवाने यातील बहुतेक जीव वाचतात.

एडिस डास फार दूर उडत नाही. ज्या घरातल्या माणसाला तो चावतो, त्याच घराच्या किंवा शेजारच्या घराच्या पाण्यात तो बहुधा जन्मलेला असतो. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोगणती चिकटून राहतात आणि पाणी येताच उबतात. म्हणून भांडे नुसते ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. रक्तातील पहारेकरी शूर खरे, पण त्यांची ओळख कधी कधी अपुरी पडते आणि त्यांच्याच खांद्यावरून शत्रू आत येतो. त्यांच्यावर सारा भार टाकणे शहाणपणाचे नाही. बंगळुरातील त्या तरुण डॉक्टराने प्रतिद्रव्य हा शब्द ऐकलेला असण्याचे कारण नव्हते. त्याने खिडकीबाहेरचे पिंप पाहिले आणि ते उपडे केले. येलहंक्याच्या नव्या इमारतींत, पुण्याच्या वाड्यांत, मुंबईच्या चाळींत आठवड्यातून एकदा तेवढे झाले, तर कित्येक घरांतील मुलांवर त्या दुसऱ्या तापाची वेळच येणार नाही.